जिल्ह्याचा मुद्रक संघ पुन्हा उभा करायचा असेल तर

एका जिल्ह्याच्या मुद्रक संघाचे नवे सचिव विचारतात: संघ तीस वर्षांचा आहे. नोंदवहीत १४० सभासद, सभेला येतात पंधरा-वीस. निम्म्यांची वर्गणी थकलेली. फ्लेक्सवाल्यांना सभासद करून घ्यावं की नाही यावर दोन तट पडलेत. एकमेकांचं गिऱ्हाईक ओढणं थांबावं म्हणून संघाने दरपत्रक काढावं, ही मात्र सगळ्यांचीच मागणी आहे. सुरुवात कुठून करू?

माझा स्वतःचा ऑफसेटचा छापखाना आहे आणि आमच्या जिल्ह्याच्या संघाचं सचिवपद मी अठरा वर्षं सांभाळलं. त्या अनुभवावरून सांगतो. काही गोष्टी तुमच्या ज्येष्ठ मंडळींना रुचणार नाहीत, पण त्या लिहिल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

सुरुवात यादीपासून करा. ती कार्यालयात बसून नको, दुकानोदुकानी फिरून करा. मी सचिव झालो तेव्हा दोन महिने दर रविवारी नोंदवही घेऊन बाहेर पडत होतो. वहीतल्या कितीतरी पत्त्यांवर आता मोबाइलची दुकानं होती. तीन सभासद वारले होते, तरी मतदार यादीत त्यांची नावं होती. एका ठिकाणी वडिलांचं जुनं ट्रेडल छपाईचं मशिन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं आणि मुलगा डिजिटलवर लग्नपत्रिका काढत बसलेला. संघ नावाचं काही असतं, हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी प्रत्येक दुकानात एकच प्रश्न विचारला: गेल्या वर्षभरात तुमचं काम कशाने अडलं? कार्यकारिणीला वाटत होतं की लोकांना सभागृह हवं, सत्कार हवेत. दुकानांतून आलेली उत्तरं वेगळी होती. शाळेने आठ महिने बिल दिलेलं नाही. मशिनमन, म्हणजे छपाईचं मशिन चालवणारा, शेजारच्या जिल्ह्यात गेला, दुसरा मिळत नाही. निवडणुकीत हँडबिल छापलं म्हणून नोटीस आली. या जॉबला, म्हणजे छपाईच्या कामाला, कर कुठला लावायचा ते कळत नाही. ती उत्तरं मी वहीत उतरवून घेतली आणि पुढची चार वर्षं संघाने फक्त तेवढीच कामं केली. वर्गणी त्यामुळेच यायला लागली. ज्याचं दोन हजारांचं काम संघामुळे मार्गी लागलं, त्याच्याकडे पावतीपुस्तक घेऊन दोनदा जावं लागत नाही.

करांचंच उदाहरण घ्या. जीएसटी आला तेव्हा आमच्या धंद्यात सगळा गोंधळ होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये खुलाशाचं परिपत्रक निघालं. मजकूर गिऱ्हाईकाचा आणि कागद-शाई आपली असेल तर पुस्तक किंवा पत्रक छापणं ही सेवा धरायची, पण पाकीट किंवा खोकं छापून दिलं तर तो माल, असा त्याचा मथितार्थ. आम्ही एका सीएकडून ते समजून घेतलं आणि साध्या मराठीत एका पानावर, पाच नमुना बिलांसह, छापून वाटलं. छापायला खर्च तो किती! पण पुढची दोन वर्षं ते पान छापखान्यांच्या भिंतींवर चिकटवलेलं मी पाहत होतो. त्यानंतर दर बदलत गेले, प्रत्येक वेळी नवं पान निघालं, आणि ते पान हवं म्हणून लोक आपणहून सभासद झाले.

निवडणुकीचंही तसंच. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७क नुसार निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच. प्रकाशकाने सही केलेलं, त्याला ओळखणाऱ्या दोघांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र दोन प्रतींत मुद्रकाकडे द्यायचं. छापून झालं की मुद्रकाने त्याची प्रत आणि छापलेल्या पत्रकाची प्रत जिल्हा प्रशासनाकडे पोचवायची. चूक झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. उमेदवाराचा कार्यकर्ता रात्री अकराला येतो, सकाळी सातला पत्रकं हवीत म्हणतो आणि कोऱ्या घोषणापत्रावर सही न करताच निघून जातो. पोलीस नंतर येतात ते छापखान्यात. आम्ही घोषणापत्रांची पुस्तिका छापून घेतली, सोबत प्रशासनाला द्यायच्या पत्राचा मसुदा जोडला, आणि आचारसंहिता लागण्याआधीच निवडणूक शाखेला विनंती करून मुद्रकांची बैठक घ्यायला लावली. त्या बैठकीला तालुक्यांतून जितके छापखानेवाले आले तितके आमच्या कुठल्याही मेळाव्याला कधी आले नव्हते.

आता दरपत्रक. इथे मी हात जोडून सांगतो, ते काढू नका. सभेत तसा ठराव मांडूही देऊ नका. एका धंद्यातल्या लोकांनी एकत्र बसून भाव ठरवणं हे स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ खाली येतं आणि ते संघटनेच्या नावाने केलं म्हणून सुटका होत नाही, उलट इतिवृत्तातला ठरावच पुरावा होतो. दंड मागच्या तीन वर्षांच्या सरासरी उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो आणि पदाधिकाऱ्यांवर व्यक्तिशः जबाबदारी येऊ शकते. हे फक्त मोठ्यांच्या बाबतीत घडतं असं समजू नका. जून २०१२ मध्ये स्पर्धा आयोगाने सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटींचा दंड सुनावला. भावाची आणि उत्पादनाची माहिती कंपन्यांच्या संघटनेमार्फत फिरत होती, हा त्यातला एक मुद्दा होता. (प्रकरण पुढे अपिलांत गेलं.) पण त्याच महिन्यात, त्याच आयोगाने गोव्यातल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेलाही दंड केला. तिथे घाऊक विक्रेता नेमायचा तर संघटनेचं ना-हरकत पत्र लागायचं आणि नवं औषध बाजारात आणायचं तर संघटनेकडे पैसे भरावे लागायचे. गोव्यासारख्या छोट्या राज्यातली, आपल्यासारख्याच दुकानदारांची संघटना होती ती. बुडव्या गिऱ्हाईकावर सामूहिक बहिष्कार, ‘त्याचं काम कुणी घ्यायचं नाही’ असा फतवा, नव्या छापखान्याला संघाची परवानगी, हेही त्याच वाटेवरचं आहे. दूर राहा.

पण दरपत्रकाची मागणी ज्या दुखण्यातून येते ते खरं आहे, त्याकडे पाठ फिरवता येणार नाही. भाव पाडणारा माणूस दुष्ट असतो असं मला कधी दिसलं नाही. त्याला आपला खर्चच माहीत नसतो. एक प्रसंग सांगतो. एका सभासदाने बिलबुकांचं काम इतक्या कमी दराने घेतलं की सभेत त्याच्यावर सगळे तुटून पडले. सभा संपल्यावर मी त्याला घेऊन बसलो आणि कागदावर मांडणी केली. जागेचं भाडं १२,०००. मशिनचा हप्ता २८,०००. मशिनमन आणि मदतनीस मिळून ३४,०००. वीज ८,०००. मशिनचं रबरी ब्लँकेट, रोलर, दुरुस्ती ६,०००. किरकोळ २,०००. एकूण ९०,०००. महिन्याचे सव्वीस दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला साधारण ४३३ रुपये पडतात असं तो धरून चालला होता. मी विचारलं, तुझा पगार कुठे आहे? तो म्हणाला, उरेल तो माझा. तिथे ३०,००० लिहायला लावले, खर्च झाला १,२०,०००. मग विचारलं, मशिन खरोखर किती तास छापतं? प्लेट बदलणं, शाई धुणं, प्रूफ मंजूर होण्याची वाट पाहणं, वीज जाणं, मशिनमन सुट्टीवर असणं. त्याने महिनाभर मशिनला वही बांधून ठेवली. छापण्याचे तास भरले १०५. म्हणजे तासाचा खरा खर्च ११४३ रुपये, आणि तो ४३३ धरून जॉब घेत होता. त्यात कागदाचं वेस्टेज अजून आलेलंच नाही. तो माणूस बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात त्याने स्वतःचे दर स्वतः वाढवले, कुणी सांगितलं म्हणून नाही.

ही मांडणी आम्ही कार्यशाळेत उतरवली. प्रत्येकाला कोरा तक्ता द्यायचा, रकाने समजावून सांगायचे, आकडे प्रत्येकाने आपल्या दुकानाचे भरायचे आणि तो कागद घरी न्यायचा. फळ्यावर कुणाचाही आकडा लिहायचा नाही, सरासरी काढायची नाही, ‘मग सगळ्यांनी इतका लावू या’ असं कुणी म्हटलं तर तिथेच थांबवायचं. खर्च काढायला शिकवणं हे शिक्षण आहे. एकत्र बसून भाव ठरवणं हा कायद्याचा भंग आहे. दोन्हींमधली रेघ सचिवाने राखायची. दरवर्षी एक अशी कार्यशाळा, वेगवेगळ्या तालुक्यात, असं सात वर्षं केलं. भाव पाडणं संपलं असा दावा मी करणार नाही, पण ‘त्याने कसं काय परवडवलं’ या प्रश्नाला लोक आता कागद काढून उत्तर शोधतात.

थकलेल्या बिलांवरही कायद्यात औषध आहे आणि बहुतेक छापखानेवाल्यांना ते ठाऊक नसतं. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायला लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. दाद मागायला अशा थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी सुविधा परिषद आहे. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही बदल झाला. मुदतीत पैसे दिले नाहीत तर गिऱ्हाईकाला तो खर्च, पैसे प्रत्यक्ष देईल त्या वर्षीच वजावटीत धरता येतो. हा मुद्दा त्याच्या सीएला पटकन कळतो, म्हणून पत्राची एक प्रत त्याच्या हिशेब विभागाला पाठवावी. आम्ही नोंदणीची शिबिरं घेतली आणि पत्राचा मसुदा तयार करून दिला. पत्र मात्र सभासदाने स्वतःच्या लेटरहेडवर, स्वतःच्या बिलापुरतंच लिहायचं. संघाच्या नावाने धमकीवजा पत्रं काढू नका.

पैशांच्या बाबतीत आमच्या हातून दोन चुका झाल्या, त्या तुम्ही करू नका. पहिली आजीव सभासदत्वाची. एका वर्षी हुरूप आला आणि २,५०० रुपयांत शंभरावर लोकांना आजीव करून घेतलं. आलेली रक्कम एका अधिवेशनात खर्ची पडली. पुढच्या वर्षी वर्गणी द्यायला उरले तीसेक लोक, आणि टपालखर्चालाही पदरचे पैसे घालावे लागले. आजीव ठेवायचंच असेल तर ती रक्कम मुदत ठेवीत घाला, घटनेत लिहा की फक्त व्याज वापरता येईल, आणि त्या व्याजावर आयकर लागू शकतो हे सीएकडून आधीच तपासून घ्या. मला विचाराल तर वार्षिक वर्गणीच बरी. दरवर्षी सभासदाच्या दारात जावं लागतं, तेवढ्या निमित्ताने त्याची विचारपूस होते. शिवाय उद्योग-व्यापाराला चालना देणाऱ्या ना-नफा संस्थेने सभासदाकडून घेतलेल्या वर्षाला १,००० रुपयांपर्यंतच्या वर्गणीला जीएसटीत सूट आहे. लहान जिल्हा संघाला त्यापेक्षा जास्त वर्गणीची गरजही नसते.

दुसरी चूक एकत्रित कागदखरेदीची. कल्पना चांगली होती. चाळीस जणांनी मिळून मॅपलिथो कागद घेतला तर रीममागे भाव खाली येतो. पण व्यापाऱ्याने उधारी संघाच्या नावावर दिली आणि आम्ही ती घेतली. दोघा सभासदांनी पैसे दिले नाहीत, व्यापारी संघाच्या दारात, आणि तीन वर्षांची शिल्लक त्यात गेली. पैशाहून मोठं नुकसान म्हणजे ते दोघे आणि त्यांचे नातेवाईक संघातून तुटले. मागण्या गोळा करून द्या, भाव प्रत्येकाने स्वतः बोलावा, बिल प्रत्येकाच्या नावावर व्हावं. संघ जामीन राहणार नाही, हे लेखी ठेवा.

फ्लेक्सवाल्यांबद्दल. त्यांना घ्या, डिजिटलवाल्यांना घ्या, स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्यांना घ्या, बाईंडरला आणि डीटीपी (संगणकावर अक्षरजुळणी) करणाऱ्यालाही घ्या, मताच्या हक्कासह. हा वाद आमच्याकडेही झाला होता. खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, हाताने जुळवणाऱ्या पिढीतले लोक डीटीपीवाल्याला मुद्रक मानायला तयार नव्हते. त्या वादात आम्ही सहा वर्षं घालवली, आणि तेवढ्यात डीटीपीवाल्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली. एका जिल्ह्यात दोन निवेदनं गेली की जिल्हाधिकारी कार्यालयात दोन्ही फायलीत जातात. कागद, शाई, प्लेट आणि मशिन विकणाऱ्यांना मात्र सहयोगी सभासद करा, मत देऊ नका. त्यांच्या जाहिरातींवर तुमची डायरी निघेल. पण त्यांच्या पैशावर संघ चालायला लागला की सभासदाची तक्रार त्यांच्याचविरुद्ध आली, तर संघ गप्प बसतो.

बायकांची नावं नोंदवहीत आहेत का, तेही पाहा. आमच्या जिल्ह्यातली बाईंडिंगची निम्मी कामं आणि डीटीपीची बरीचशी कामं बायकांच्या हातून होतात, कित्येक दुकानं त्याच चालवतात, पण सभासद म्हणून नाव नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं. आम्ही दुकान चालवणारीला स्वतःच्या नावाने सभासद करून घ्यायला लागलो, तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी सभेत हिशेबाचा कागद नीट मागितला.

नोंदणी आणि हिशेबात चालढकल करू नका. महाराष्ट्रात असा संघ बहुधा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली आणि सोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात नोंदलेला असतो. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. निवडणूक झाली, हार घातले, फोटो आला आणि बदल अर्ज राहिला, हे इतकं सर्रास घडतं की सांगता सोय नाही. आमचे लागोपाठ दोन बदल अर्ज राहिले होते. पुढे दोन गट पडले, दोघेही आपणच खरी कार्यकारिणी म्हणायला लागले, बँकेने खातं थांबवलं, आणि चौदा महिने संघाला टपालाचं तिकीटही घेता आलं नाही. तुम्ही पदभार घेतला असेल तर उद्याच धर्मादाय कार्यालयात जाऊन परिशिष्टावर, म्हणजे तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर, कुणाची नावं आहेत ते पाहा. कदाचित दहा वर्षांपूर्वीची निघतील. आणि घटनेत दुरुस्ती करून अध्यक्ष-सचिवाला सलग दोनच मुदती ठेवा. मी स्वतः अठरा वर्षं राहिलो, ती माझी चूक होती. माझ्यानंतरच्या सचिवाला सगळं शून्यापासून शिकावं लागलं, कारण मी कुणाला शेजारी बसवून शिकवलंच नव्हतं.

मोठा नमुना पाहायचा असेल तर महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघाकडे बघा. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे असे विभाग, बागायतदाराच्या घरी पोचणारं ‘द्राक्षवृत्त’, आणि संघाचं स्वतःचं संशोधनाचं काम. छाटणीनंतर काय करायचं हे ज्या अंकातून कळतं त्या अंकासाठी शेतकरी वर्गणी भरतो. आपल्या धंद्यात तशी भूक मशिनमनची आहे. पुण्यात पुणे विद्यार्थी गृहाचं मुद्रणाचं शिक्षण आहे, पण तिथला पदवीधर तालुक्याच्या मिनी ऑफसेटवर येणार नाही. आम्ही तीन मोठ्या छापखान्यांत संध्याकाळी सहा ते आठ असा चार महिन्यांचा वर्ग चालवला, गावातली दहावी-बारावी झालेली मुलं घेतली. पहिल्या वर्गातले नऊ जण अजून जिल्ह्यातच मशिनवर आहेत.

व्हॉट्सॲप गट ठेवा, पण कामापुरता. सुप्रभात, वाढदिवस आणि राजकारण यांना दुसरा गट करून द्या. आमच्या गटात नियम एकच होता: अडचण किंवा सोय. ‘२८ बाय ४० मशिन उद्या दुपारी कुणाकडे मोकळं आहे?’, ‘नंबरिंग बॉक्स दोन दिवसांसाठी हवा’, ‘आर्ट पेपरच्या तीन रीम उरल्यात’. मशिन बंद पडलेल्या माणसाचा जॉब दुसऱ्याने रात्रीतून छापून दिला आणि गिऱ्हाईकाला पत्ताही लागू दिला नाही, असं एकदा झालं की त्या दोघांत भावावरून भांडण होत नाही.

राहिली वार्षिक सभा. ती मार्च-एप्रिलात घेतली तर लग्नसराई, जूनमध्ये शाळा, ऑक्टोबरमध्ये दिवाळी अंक आणि कॅलेंडरं. आमच्याकडे सभा पितृपंधरवड्यात घ्यायची प्रथा मी पाडली. त्या दिवसांत लग्नपत्रिका नसतात, छापखाने थंड असतात, आणि ३१ मार्चचा हिशेब तोवर ऑडिट होऊन हातात आलेला असतो. पितृपक्षात कशाला, असं काही ज्येष्ठ म्हणाले. मी म्हटलं, हिशेब द्यायला मुहूर्त लागत नाही. रविवार, सकाळी दहा वाजता, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा जागी. ऑडिट केलेला ताळेबंद पंधरा दिवस आधी घरोघरी पोचलेला. पहिला तास हिशेबाला, दुसरा तास दुकानांतून गोळा केलेल्या अडचणींना, मग जेवण, आणि चारच्या आत सभा संपलेली, म्हणजे लांबच्या तालुक्यातल्यांना दिवसाउजेडी घर गाठता येतं. पहिल्या वर्षी ३८ जण आले. तुमच्याकडे पंधरा-वीस येतात म्हणता, तर पहिल्या वर्षी तीस धरून जेवण सांगा.